गाणं थांबवायची खूण

बेथनी क्रॉसिंग, अलाबामा
३ ऑक्टोबर १९९४

मोझेल बाई,

फोनवर तू ओरडतेस आणि मी रडते, म्हणून निवांत लिहायला बसले आहे. आधी बातमी सांगते, मग तक्रार. खरं तर बातमी हीच तक्रार आहे.

आमचे नवे पाळक, टॅरंटसाहेब, काल भर उपासनेत म्हणाले की यापुढे माउंट नेबो चर्च आत्म्याबरोबर हृदयाचीही काळजी घेणार. दर बुधवारी बायबलच्या वर्गाआधी हृदयाचा वर्ग, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन आटोपलं की खालच्या जेवणघरात सगळ्यांचं प्रेशर मोजायचं. वर्षभरात या मंडळीनं कुणाकुणाला पुरलं, त्यांची नावं आणि वयं त्यांनी एकेक करून वाचली. एरवी पाळकांनी शिंक दिली तरी 'आमेन' म्हणणारी आमची मंडळी, काल कुणाच्या तोंडून शब्द फुटला नाही.

इथवर माझं काहीच म्हणणं नाही. पण हे चालवणार कोण, तर डेल्फीन रकर. माँटगोमरीच्या इस्पितळात जन्मभर नर्स होती, आता निवृत्त होऊन गावी परत आली आहे. आणि मी कोण? माउंट नेबोच्या नर्स मंडळाची अध्यक्ष. आता तुला ठाऊकच आहे की आमच्या मंडळात खरी नर्स एकही नाही. पांढरा झगा, पांढरी टोपी, पांढरे बूट. कुणाच्या अंगात पवित्र आत्मा संचारला की आम्ही चौघी भोवती कडं करतो, चष्मा काढून घेतो, पंख्यानं वारा घालतो, बाई खाली पडलीच तर पायांवर चादर टाकतो. भानावर आली की तोंडात पेपरमिंटची गोळी. संपलं आमचं वैद्यकशास्त्र.

तर ही डेल्फीन सगळ्यांदेखत मला विचारते, "सिस्टर विलोडीन, प्रेशर वर किती आणि खाली किती असलं म्हणजे बरं?" मी म्हटलं, "वर देव आणि खाली आपण." सगळे हसले, डेल्फीनही हसली, पण माझ्या कानशिलांना चटका बसला. शिवाय कोलार्डच्या भाजीतून डुकराचं खारवलेलं हाड हद्दपार झालं आहे. त्याऐवजी टर्की. काल ती भाजी खाताना मंडळी पुरायला आल्यासारखी बसली होती.

आपला भाऊ काय म्हणाला ते तू ओळखलंच असशील. होझिया म्हणाला, "माझं माप देवाकडे आहे," आणि टोपी उचलून मागच्या दारानं निघून गेला. पाळकांखालोखाल मान मुख्य डीकनचा, तोच उठून गेल्यावर बाकीचे पुरुष कशाला बाह्या वर करतात? पण मोझेल, चर्चच्या पायऱ्या चढताना तो अलीकडे मध्येच थांबतो. झाडं बघतोय म्हणतो. मला ते बरं दिसत नाही.

तुझी चटका बसलेली,
विलोडीन

*

डेट्रॉइट
१८ ऑक्टोबर १९९४

अध्यक्षबाई,

'वर देव आणि खाली आपण' हे मी कारखान्यात सांगितलं. आता जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बायका एकमेकींना तेच म्हणतात. तुझी कीर्ती डेट्रॉइटला पोचली.

थट्टा पुरे. डेल्फीनकडून शिकून घे. तुझ्या अंगावर तो पांढरा झगा जितका शोभतो तितका खऱ्या नर्सच्याही अंगावर शोभत नसेल, मग त्याला साजेसं थोडं ज्ञान मिळालं तर तुझं काय बिघडलं? मी चर्चची पायरी चढत नाही हे तुला माहीत आहे. पण ज्या पाळकानं नुसतं स्वर्गाचं वर्णन न करता पहिल्या रविवारी लोकांच्या दंडाला पट्टा बांधला, त्याच्याविषयी मला आदर वाटला. हे त्याला सांगू नकोस, नाहीतर मला बोलवायला माणूस धाडेल.

होझियाचं वाचलं. बाबाही त्याच पायऱ्यांवर थांबायचे आणि झाडं बघतोय म्हणायचे. मी त्यांचा हात धरून शेजारी उभी असायचे. त्या झाडांत बघण्यासारखं काही नव्हतं.

याहून जास्त लिहीत नाही. बाबांच्या मरणाविषयी आपल्या घरात माझं बोलणं बाराव्या वर्षीच संपलं.

मी ठीक आहे. दर फोनला विचारू नकोस.

मोझेल

*

बेथनी क्रॉसिंग
२८ नोव्हेंबर १९९४

मोझेल,

आज थट्टा नाही.

बुधवारच्या वर्गात डेल्फीननं हृदयाचा झटका कसा ओळखायचा ते शिकवलं. सिनेमातल्यासारखं छाती धरून कोसळणं प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही, म्हणाली. कुणाचा डावा हात सकाळपासून जड होतो. कुणाचा जबडा दुखतो. कुणाला वाटतं न्याहारी पचली नाही. गार घाम सुटतो, चेहरा राखेसारखा होतो, बोलता बोलता माणूस थांबतो. "आणि आपल्या चर्चमध्ये," डेल्फीन म्हणाली, "आपण त्याच्याभोवती कडं करतो, वारा घालतो आणि गातो. आपल्याला वाटतं आत्मा उतरलाय. कधी कधी उतरलेला असतोही. पण माणूस मरत असला तरी वरून अगदी तसंच दिसतं."

मला ऑगस्टचा तो रविवार दिसला. बाबा पुढे उभे राहून गाण्याची ओळ देत होते आणि मंडळी ती ओळ लांबवून परत गात होती. दुसरी ओळ अर्धी देऊन ते थांबले, बाकावर टेकले, मग घसरले. कुणीतरी ओरडलं, "आत्मा आला." पांढऱ्या झग्यांचं कडं झालं. आईनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिनंच हात वर करून मंडळीला गात राहायला सांगितलं. किती वेळ गायलो आपण. मी गायकवृंदात होते, माझा घसा बसला. शेवटी कळलं की ते गेलेत, तेव्हा होझिया उठला, विशीतलं पोर, आणि त्यानं बाबांची अर्धी राहिलेली ओळ पुरी केली. आजही या तालुक्यात म्हातारी माणसं बाबांचं नाव घेऊन म्हणतात, मरण यावं तर टॉलिव्हरसारखं.

आणि तू आईच्या शेजारी बसून म्हणत होतीस, "त्यांचा हात दुखतोय, सकाळपासून चोळतायत." आईनं तुझ्या तोंडावर हात ठेवला. घरी आल्यावर पुन्हा म्हणालीस, तेव्हा आम्ही सगळ्यांनीच तुला गप्प केलं.

तू खरं बोलत होतीस, मोझेल. तो झटका होता.

आता माझ्यापुढे पेच आहे. होझियाला हे सांगितलं तर त्याचे बाबाही जातील आणि त्याचं गाणंही. सदतीस वर्षं तो त्याच जागी उभा राहून ओळ देतो, त्या मरणाच्या पुण्याईवर. आणि नाही सांगितलं, तर एक दिवस तोही त्याच जागी थांबेल आणि आम्ही त्याला वारा घालत बसू. मला भाऊ हवा आहे. काय करू ते सांग.

विलोडीन

*

डेट्रॉइट
९ डिसेंबर १९९४

विलोडीन,

तुझं पत्र वाचून त्या दिवशी मी कामावर गेले नाही. 'तू खरं बोलत होतीस' हे वाक्य मला इतकं उशिरा मिळालं की त्याचं करायचं काय तेच कळेना. शेवटी स्वयंपाकघराची फरशी धुतली.

आईवरचा माझा राग तुझ्यापासून लपलेला नाही. तिचा तो हात अजून माझ्या तोंडावर आहे असं मला वाटतं. चर्चमध्ये बसलं की श्वास कोंडतो, म्हणून मी जात नाही. असो.

होझियाला बाबांचं काही सांगू नकोस. त्याचं तेवढं राहू दे. तू दुसऱ्या बाजूनं जा. आमच्या कारखान्यात गाड्या जोडायचा पट्टा सतत सरकत असतो, पण प्रत्येकाच्या हाताशी एक लाल बटण आहे. कुणाचा हात अडकताना दिसला की कुणीही ते दाबावं, अगदी कालच लागलेल्या पोरीनंही. पट्टा थांबतो. का दाबलंस हे नंतर विचारतात, आधी नाही. तुमच्या चर्चमध्ये ते बटण नाही. एकदा गाणं चढलं की ते थांबवायचं कुणी आणि कसं, हे कुणी ठरवलेलंच नाही. होझियाच्या दंडाला पट्टा बांधणं तुझ्या हातात नसेल, पण माउंट नेबोला थांबायला शिकवणं आहे. मला सोडलं तर आपल्या घरात तुझ्याइतकी हट्टी बाई दुसरी नाही.

मोझेल

*

बेथनी क्रॉसिंग
२३ जानेवारी १९९५

लाल बटणवाल्या बाई,

झालं. बटण बसलं.

आमच्या दाराशी उभे राहणारे सेवक पांढरे हातमोजे घालून खुणांनीच सगळं बोलतात, हे तुला आठवत असेल. एक हात पाठीमागे म्हणजे जागा नाही, बोटं हलवली म्हणजे पंखे आणा. मी पाळकसाहेबांना म्हटलं, आणखी एक खूण हवी. उजवा हात छातीवर सपाट, डावा हात सरळ वर. ही खूण दिसली की ऑर्गन बंद, गाणं बंद, दाराजवळच्यानं पळत जाऊन रुग्णवाहिकेला फोन करायचा, आणि डेल्फीननं पुढे यायचं. आत्मा आला असेल तर तो काही रागावून परत जाणार नाही. थोडं थांबेल. पाळकसाहेब म्हणाले, "सिस्टर विलोडीन, हे मी सुचवायला हवं होतं."

शनिवारी सराव केला. सगळ्यांना जमलं, ऑर्गनवाल्या थॅडियसला सोडून. त्याचे हात थांबेचनात. मी समोर खूण करून उभी आणि हा डोळे मिटून वाजवतोय. शेवटी मी जाऊन त्याच्या बोटांवर माझा पंखा मारला. तो म्हणाला, "सिस्टर, चाळीस वर्षांत मला कुणी थांब म्हटलं नाही." मी म्हटलं, "म्हणून तर माणसं मरतात." मंडळी हसली.

डेल्फीनविषयी मी पहिल्या पत्रात जे लिहिलं ते फाडून टाक. ती बाई सोनं आहे. एकाही माणसाला ती लाजवत नाही. कुणाचं प्रेशर भलतंच चढलेलं निघालं की त्याचा हात तसाच हातात धरून शांतपणे म्हणते, "गाडी मीच चालवते, तुम्ही फक्त बसा," आणि थेट डॉक्टरकडे नेते. तिच्यामुळे आज या मंडळीतली निदान तीन माणसं बाकावर बसून माझ्या भाजीला नावं ठेवतायत, नाहीतर दफनभूमीत असती. आता मलाही मोजता येतं. कानाला नळी लावून दुसऱ्याच्या रक्ताची पावलं पहिल्यांदा ऐकली, तेव्हा मला प्रार्थनेला बसल्यासारखंच वाटलं. वर किती आणि खाली किती, विचार मला आता.

होझिया सरावाला आला होता. गुडघ्यावर टोपी ठेवून शेवटपर्यंत बसला आणि जाताना म्हणाला, "देवाच्या घरात गाणं थांबवणारी बाई मी अजून पाहिलेली नाही." मी म्हटलं, "मग बघून ठेव." पट्टा मात्र बांधू देत नाही. पहिल्या रविवारी मागच्या दारानं सटकतो. पायऱ्यांवर आता दोनदा थांबतो.

विलोडीन

*

बेथनी क्रॉसिंग
२० फेब्रुवारी १९९५

मोझेल,

फोनवर तुला एवढंच सांगता आलं की तो जिवंत आहे. आता सगळं नीट सांगते.

मागच्या रविवारी, बाराव्या तारखेला, बाहेर थंडी होती आणि चर्चमधली शेगडी नीट पेटली नव्हती. लोक कोट घालूनच बसले होते. होझिया ओळ द्यायला उठला. पहिली ओळ छान गेली. दुसरी देताना तो मध्येच थांबला. त्यानं डोळे मिटले, आणि मंडळीला वाटलं, आत्मा उतरतोय. "हो प्रभू," असं कुणी म्हणालं, पाय आपटायला लागले, थॅडियसनं ऑर्गनवर सूर धरला. माझ्या शेजारची बाई पंखा घेऊन उठलीसुद्धा. मी बघत होते ते त्याच्या कपाळाकडे. सगळे गारठले होते आणि त्याच्या कपाळावर घाम होता. मग त्यानं जबडा चोळला.

मी खूण केली. उजवा हात छातीवर, डावा वर. कुणी थांबेना. दुसरं कुणी असतं तर थांबले असते, पण मुख्य डीकनचं गाणं कोण तोडणार? दाराजवळचा सेवक माझ्याकडे बघून पाळकांकडे बघत होता, आणि पाळकांचे डोळे मिटलेले.

तुला माहीत आहे, आमच्या चर्चमध्ये बाई व्यासपीठाच्या पायरीवर पाऊल टाकत नाही. फुलदाणी ठेवायची असली तरी पुरुषाच्या हाती देते. मी पायऱ्या चढले. भावाच्या आणि मंडळीच्या मध्ये उभी राहिले, हात वर धरला आणि म्हटलं, "बस. गाणं बंद." आवाज माझा नव्हताच, आईचा होता. थॅडियसनं ऑर्गनवरून दोन्ही हात उचलले. माउंट नेबोमध्ये इतकी शांतता मी आयुष्यात ऐकलेली नाही. त्या शांततेत होझियाचा श्वास सगळ्यांना ऐकू आला, करवतीसारखा. मग लोकांना कळलं.

तो मला म्हणाला, "खाली उतर." मी म्हटलं, "तू आधी बस." डेल्फीन पोचली होती, तिनं त्याला ॲस्पिरिनची गोळी चावायला लावली. दाराजवळच्या सेवकानं फोन केला होता. रुग्णवाहिका येईपर्यंत कुणी गायलं नाही, कुणी वारा घातला नाही. सगळी मंडळी उभी राहून नुसती वाट बघत होती. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर तुम्ही माझ्याकडे नाही, दफनभूमीत आला असता.

आता ऐक. काल इस्पितळात आम्ही दोघंच होतो. मी रडत म्हटलं, "होझिया, तुझं गाणं मी मोडलं, मला माफ कर. पण बाबांना पण हेच झालं होतं रे, तो आत्मा नव्हता." बोलून गेले आणि जीभ चावली. तो खिडकीबाहेर बघत होता. म्हणाला, "मला माहीत आहे."

मी खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"आईनं जायच्या आधी सांगितलं," तो म्हणाला. "बाबांचा हात तिनं सकाळी न्याहारीलाच पाहिला होता. चर्चमध्ये ते टेकले तेव्हाच तिला कळलं. पण न्यायचं कुठे? गावातलं गोऱ्यांचं इस्पितळ आपल्याला दारात उभं करत नव्हतं. आपल्या, काळ्या माणसांना घेणारं होतं ते माँटगोमरीला. तिथवर ते पोचले नसते. कुणाच्या तरी ट्रकच्या फळीवर, धुळीत गेले असते. आई म्हणाली, मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि मंडळीला सांगितलं, गात राहा. माझ्याकडे त्यांना द्यायला तेवढंच होतं."

मी विचारलं, "एवढं माहीत असून तू पट्टा का बांधू दिला नाहीस?"

त्यानं पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं. मग म्हणाला, "जे बाबांना मिळालं नाही ते मी कसं घेऊ, असं वाटायचं. त्यांच्या जागी उभा राहतो, त्यांच्यासारखाच जाईन. पण तू गाणं थांबवलंस आणि सगळे गप्प झाले, तेव्हा माझ्या मनात आलं, आईनंही हेच केलं असतं. तिला गाणं थांबवता येत होतं गं. थांबवून पुढे काय, ते नव्हतं. तुझ्याकडे ते होतं." आणि त्यानं डावी बाही वर केली. "घे. बघू तुला काय येतं ते."

मी मोजलं, मोझेल. डोळे पुसत मोजत होते, म्हणून दोनदा मोजावं लागलं.

विलोडीन

*

डेट्रॉइट
२८ फेब्रुवारी १९९५

विलोडीन,

पत्र आलं तेव्हापासून मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आठवते आहे. आईचा हात. इतकी वर्षं मला एवढंच आठवत होतं की तो माझ्या तोंडावर होता. पण तो गार पडला होता, आणि थरथरत होता. ते मला तेव्हाही जाणवलं होतं. बारा वर्षांच्या पोरीला वाटलं की आई रागानं थरथरतेय.

मी मोठ्यानं बोलले असते तर मंडळीनं गाणं थांबवलं असतं. बाबांनी शेवटी गाणं ऐकलं नसतं, आरडाओरडा ऐकला असता. आई मला खोटं पाडत नव्हती. आमच्या दोघींना जे कळलं होतं ते ती एकटीच धरून बसली होती, एक हात त्यांच्या डोक्यावर आणि एक माझ्या तोंडावर. तिला सांगायला मी आता जाऊ कुठे?

तुझा मला अभिमान वाटतो. हे मी कधी म्हटलेलं नाही, म्हणून लिहून ठेवते. त्या पायऱ्या तू चढलीस. मला चढता आल्या नसत्या. आणि डेल्फीनला माझा नमस्कार सांग, त्या पाळकांनाही. त्यांना आता माणूस धाडायची गरज नाही.

ईस्टरला मी येते आहे. पहिल्या बाकावर आईच्या जागी बसेन. होझियाला म्हणावं, डॉक्टरनं उभं राहू दिलं नाही तर खुर्चीत बसून ओळ दे. अर्धी दिलीस तरी चालेल, आम्ही थांबून बघू तुला काय होतंय, आणि मग पुढचं गाऊ.

आणि येताना तुझा तो पट्टा आणि नळी चर्चमध्ये घेऊन ये. कारखान्याच्या डॉक्टरनं मला उन्हाळ्यातच प्रेशरच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. माझ्या टेबलाच्या खणात पडून होत्या. तुला काही लिहिलं नाही, कारण दुसऱ्यांची काळजी करणं मला जास्त सोपं जातं. काल रात्रीपासून घ्यायला लागले आहे. तरी तू मोज. ईस्टरला घालायच्या झग्याची डावी बाही मी आत्ताच सैल शिवून घेतली आहे.

मोझेल